न दुखणारा चट्टा

दुखलं-खुपलं की माणूस दवाखाना गाठतो. कुष्ठरोगाची पंचाईत अशी की चट्टा दुखतही नाही, खाजतही नाही. तिथली जाणीवच हरपते. बोरिवलीहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याने पाठीवरच्या बधिर डागासाठी खाडा का करावा? तो मेडिकलवाल्याकडून गजकर्णाची ट्यूब आणतो. गुण आला नाही की दुसऱ्या कंपनीची.

भारताने २००५च्या डिसेंबरात कुष्ठरोगाचं ‘दूरीकरण’ झाल्याचं जाहीर केलं, म्हणजे दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘संपला’ असा घेतला. संपलेला रोग आपल्याला कसा होईल?

घरोघरच्या तपासणीत अंगावरचे कपडे बाजूला करावे लागतात. म्हणून पथकात एक बाई आणि एक पुरुष असतो. असल्फ्याच्या डोंगरावर दहा बाय दहाच्या खोलीत सासरा, दीर, पोरं असताना सून पाठ कुठे दाखवणार? ‘काही नाही हो आमच्यात’ म्हणून ती मोकळी होते. टॉवरमध्ये तर तेवढंही विचारायला मिळत नाही. वॉचमन खालूनच परत पाठवतो. आमच्याकडे हा रोग नसतोच, ही सोसायट्यांची समजूत डोंगरावरच्या लाजेपेक्षा मला जास्त धोक्याची वाटते.

औषध फुकट. सहा किंवा बारा महिन्यांचा कोर्स, दर महिन्याला एक पाकीट. त्यातल्या क्लोफाझिमिनने कातडी तांबूस-काळी पडते. औषध थांबल्यावर रंग हळूहळू उतरतो, पण त्याला महिने लागतात. तोवर शेजारीण विचारते, ‘काय गं, एवढी काळवंडलीस?’ लग्नाची मुलगी घरात असेल तर या प्रश्नाला उत्तर नसतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून २०१९ साली वगळलं. स्थळं बघणाऱ्यांनी तो कायदा वाचलाय असं दिसत नाही.

घराजवळचा पालिकेचा दवाखाना टाळणारे असतात. मुलुंडहून कुर्ल्याला गाडी बदलून वडाळा. तिथल्या अॅकवर्थ रुग्णालयात ओळखीचं कोणी भेटणार नाही, हा हिशोब. वर्सोव्याला यारी रोडवर विमला डर्मेटॉलॉजिकल सेंटर आहे. पाटीवर फक्त त्वचा, त्यामुळे पाऊल सहज आत पडतं. एरवी आपण पाटी मोठी करा म्हणतो.

जाता जाता: ज्यांच्या नावाचं हे रुग्णालय, ते हॅरी अॅकवर्थ मुंबईचे पालिका आयुक्त. रस्त्यावरच्या निराधार रुग्णांसाठी त्यांनी १८९०मध्ये माटुंग्याला आश्रयस्थान उभारलं. शाळिग्राम या सहकाऱ्यासोबत मराठी पोवाडे गोळा करून छापणारे अॅकवर्थ तेच.

उपचार अर्धवट का सुटतात, याचं मला सर्वांत पटलेलं कारण अज्ञानाचं नाही. औषध चालू असताना काहींना ‘रिअॅक्शन’ येते: चट्टे लाल होऊन सुजतात, नसा ठणकतात, कधी हाताची बोटं एकाएकी अशक्त होतात. ही शरीराच्याच प्रतिकारशक्तीची उसळी असते. पण रुग्णाच्या बाजूने बघा. आधी काहीच दुखत नव्हतं, गोळ्या सुरू झाल्या आणि दुखू लागलं. ‘गोळ्यांनीच बिघडलं’ हा निष्कर्ष कोणीही काढेल. तो गोळ्या बंद करतो आणि नेमकं तेव्हाच तातडीने मिळायला हवं ते स्टेरॉइड राहून जातं. नस पहिल्या काही महिन्यांत वाचू शकते. पुढे बोटं वाकडी होतात ती तशीच राहतात. पहिलं पाकीट हातात देतानाच ‘मध्येच दुखलं तर गोळ्या सोडू नका, त्याच दिवशी इकडे या’ असं सांगायला दोन मिनिटं लागतात. ओपीडीच्या गर्दीत हीच दोन मिनिटं कापली जातात.

रुग्णाच्या सहवासात राहणाऱ्यांना रिफॅम्पिसिनचा एक डोस दिला तर त्यांना रोग होण्याची शक्यता घटते. घरच्यांपर्यंत ठीक. शेजाऱ्यांनाही द्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘आम्हालाच का? कोणाला झालाय?’ म्हणून आधी रुग्णाची परवानगी घ्यावी लागते. चाळीत भिंतीला भिंत लागून असते. तो नाही म्हणाला तर त्याला दोष कसा द्यायचा? काही ठिकाणी मग कोणाचं नाव न घेता साऱ्या वस्तीचीच त्वचातपासणी लावतात आणि सगळ्यांनाच डोस देतात. गोळ्या जास्त लागतात, वेळही जास्त जातो, पण बोट कोणाकडे दाखवलं जात नाही.