मधला रस्ता

15 सप्टेंबर 2024, काबूल

बाहेरच्या बँकांची कार्डं इथे चालत नाहीत. पैसे रोख डॉलरमध्ये आणायचे आणि लागतील तसे मोडायचे. आज डॉलरला सत्तरच्या आसपास अफगाणी मिळाले. सकाळ माहिती व संस्कृती मंत्रालयात गेली. तिथून परवानगीचं पत्र मिळतं, आणि मग प्रत्येक प्रांतात पोचलं की तिथल्या कार्यालयात पुन्हा हजेरी, पुन्हा शिक्का. गाइडने त्या पत्राच्या आणि आमच्या पासपोर्टांच्या गठ्ठाभर झेरॉक्स काढून घेतल्या. नाक्यानाक्यावर वाटायला लागतात म्हणे.

गाइड पुण्यात बी.बी.ए. शिकून गेलेला. पहिल्या दिवसापासून मला मावशी म्हणतो आणि मिसळीची चौकशी करतो. ड्रायव्हर पन्नाशीचे, बामियानचे, हजारा जमातीचे. त्यांना सगळेच काका म्हणतात.

रात्री बैठक. 12 तारखेला घोर आणि दायकुंदी प्रांतांच्या सीमेवर, करबल्याहून परतणाऱ्या यात्रेकरूंना सामोरे गेलेल्या हजारा जमातीच्या चौदा पुरुषांना गोळ्या घातल्या. इस्लामिक स्टेटने ते आपलंच कृत्य म्हणून जाहीर केलं. काबूलहून हेरातला जाणारा आमचा मधला रस्ता त्याच घोरमधून जातो. मे महिन्यात बामियानमध्ये तीन स्पॅनिश पर्यटक आणि त्यांच्याबरोबरचे अफगाण मारले गेले, त्याची बातमी आमच्यातल्या प्रत्येकाने वाचलेली. स्पॅनिशांचा आकडा सगळ्यांना पाठ, अफगाण किती हे कोणालाच सांगता येईना. जर्मन इंजिनियरने आपल्या विम्याची कलमं वाचून दाखवली. दोन माणसं इथूनच परत जायचं म्हणू लागली. शेवटी गाइड म्हणाला, काकांना विचारू. काकांनी चहाचा पेला खाली ठेवला. "जाऊ. पण उजेडातच चालायचं." बैठक तिथेच आटोपली.

17 सप्टेंबर, बामियान

काबूलहून बामियानला दोन वाटा आहेत. आम्ही वर्दकमधून, हाजीगकच्या खिंडीने आलो. जलरेजच्या खोऱ्यात सफरचंदाच्या बागा, पोपलरच्या रांगा, झुळझुळ पाणी. हाच तुकडा 2021 पर्यंत हजारा लोकांसाठी मरणवाट होता. गाड्या अडवायच्या, माणसं उतरवून न्यायची. आता रस्ता शांत आहे, आणि त्याचं कारणही सरळ आहे. तेव्हा ज्या तालिबानची धास्ती होती तेच आता नाक्यावर उभे आहेत. एका नाक्यावर विशीतल्या पोराने काकांना खाली उतरवून बराच वेळ प्रश्न विचारले. आत बसलेल्या आम्हा परदेशी मंडळींकडे पाहून मात्र हसला आणि ब्राझीलच्या डॉक्टरबाईंना डावलून जर्मनाबरोबर सेल्फी काढून घेतला. सजीवांची चित्रं प्रसिद्ध करायला बंदी घालणारा कायदा गेल्याच महिन्यात आलाय.

खिंड साडेतीन हजार मीटरच्या वर. डोंगराच्या पोटात लोखंडाचा प्रचंड साठा आहे. त्याच्या खाणीचा मोठा वाटा 2011 मध्ये भारतीय कंपन्यांच्या गटाला मिळाला होता. पुढे काही झालं नाही.

दुपारी कडा. 55 मीटरचा आणि 38 मीटरचा, बुद्धमूर्तींचे दोन रिकामे कोनाडे. मार्च 2001 मध्ये तालिबानने मूर्ती उडवल्या. आता तिथे तिकीट लागतं, आणि फाडून देणारा तालिबानचाच. मी कार्ले-अजिंठ्याच्या सवयीने दगडाला हात लावायला गेले तर गोटे हाताला आले. हा बसाल्ट नव्हे, गोट्यांचा ठिसूळ थर. म्हणून इथे मूर्तीचा ढोबळ आकार कोरून घ्यायचे आणि चेहरा, वस्त्राच्या चुण्या वगैरे चिखल-भुशाच्या गिलाव्यात घडवायचे. सातव्या शतकात ह्युएन त्संगाने पाहिले तेव्हा ते बुद्ध झगमगत होते. दोहोंच्या मधल्या गुहांत तैलरंगातली चित्रं सापडली आहेत, युरोपच्या कितीतरी आधीची. बहुतेक छतं आता धुराने काळी. लोक पिढ्यानपिढ्या इथे संसार थाटून राहिले, त्यांच्या चुलींचा धूर.

कड्याखाली बटाट्याची काढणी चालू आहे. बामियानचा बटाटा देशभर नावाजलेला. ढीग मंचर बाजाराला लाजवतील असे.

18 सप्टेंबर, याकावलंगच्या अलीकडे

बंद-ए-अमीर. पाण्यातल्या चुन्याने स्वतःच बांधलेले बांध आणि त्यांच्यामागे अडलेले सहा तलाव. 2009 पासून देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये बायकांना तिथे जायची बंदी झाली. गाइड नाक्यावर बराच वेळ बोलत होता. शेवटी ठरलं ते असं: आम्ही परदेशी बायकांनी वरच्या वळणावरून पाहायचं, खाली काठापर्यंत उतरायचं नाही. वरून निळा रंग दिसतो तो खोटा वाटावा इतका गडद. आमच्या शेजारी एक बामियानचं कुटुंब थांबलं होतं. नवरा आणि दोन मुलगे उतरून गेले, बाई गाडीत बसून राहिली. तिला वळणावरसुद्धा उभं राहू दिलं नाही. मी तिला बदाम दिले, तिने मला वाळलेल्या ताकाचे कुरुतचे गोळे दिले. दगडासारखे टणक, खारट-आंबट. अर्धा तास चघळत होते.

20 सप्टेंबर, लाल

डांबर याकावलंगनंतर कधी संपलं कळलंच नाही, कारण झोप लागली होती. जाग आली ती डोकं खिडकीवर आपटून. धूळ, ओढे, पुन्हा धूळ. दोन पंक्चर.

उतरलो त्या घरी पाहुण्यांची बैठक पुरुषांसाठी. आम्हा बायकांना आतल्या घरात नेलं. जमिनीत पुरलेला तंदूर, भाकऱ्या थापणारी आजी, ओढणीने हात झाकून तंदुरात वाकणारी सून. चौदा वर्षांची नात इंग्रजीची वही घेऊन आली. सहावीनंतर मुलींची शाळा बंद, त्यामुळे ही मोठ्या भावाचं जुनं पुस्तक उतरवून काढते. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा झालंय, आता दुसऱ्यांदा. स्पेलिंग तपासून द्या म्हणाली. तपासायला फारसं नव्हतंच. तेवढ्यात आजीने खुणेने विचारलं, मला मुलं किती, आणि त्यांना सोडून इतक्या लांब कशाला आले? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोडक्यामोडक्या दरी भाषेत बसेना.

काका आज जेवले नाहीत. उद्यापासून हजारा वस्ती संपते.

22 सप्टेंबर, जाम

चघचरानमध्ये शिक्क्यासाठी तीन तास. मग उतार, घळ, हरिरूदच्या काठाकाठाने सांदरीतून वाट. शेवटच्या वळणापर्यंत काहीच दिसत नाही. आणि मग एकदम समोर 65 मीटरचा मनोरा, भाजक्या विटांचा, एकटा. गाव नाही, मशीद नाही, तट नाही. दोन नद्यांच्या संगमावर पाय रोवून किंचित कललेला.

पुरातत्त्ववाले इथे घोरींची उन्हाळी राजधानी फिरोजकोह होती असं मानतात. 1222 च्या सुमारास मंगोलांनी ती धुळीला मिळवली. मनोरा उभारला गियासुद्दीन घोरीने. त्याचं नाव वर फिरोजी पट्ट्यात आहे आणि खाली विटांच्या गुंफणीत कुराणातला अख्खा मरियमचा अध्याय. या गियासुद्दीनचा धाकटा भाऊ म्हणजे 1192 मध्ये तराईनला पृथ्वीराजाला हरवणारा आपला शाळेतला महंमद घोरी. कुतुबमिनाराची कल्पना इथून गेली असं म्हणतात. ते पटायला तज्ज्ञ असावं लागत नाही. शाळेत आम्हाला घोरी म्हणजे फक्त स्वारी शिकवली. स्वारी करणाऱ्याला घर होतं, आणि त्या घरी गवंडी इतके तयारीचे होते, हे पन्नास वर्षांनी बघायला मिळालं. समोरच्या टेकडीवर ज्यूंच्या कबरी सापडल्या, हिब्रू लिपीतल्या फारसी मजकुराच्या. म्हणजे व्यापारही होता.

पायथ्याला दगड भरलेल्या जाळ्या लावल्यात, पाणी तरीही खातंच आहे.

सगळे फोटो काढत असताना काका गाडीचं तोंड आल्या रस्त्याकडे करून, इंजिन चालू ठेवून बसले होते. मी हाक मारली, बघायला या. हात हलवून नको म्हणाले.

24 सप्टेंबर, हेरात

काल चिश्त. सूफींचा चिश्ती सिलसिला ज्या गावावरून ओळखला जातो ते हे गाव. अजमेर, दिल्ली आणि आपलं खुलताबाद, सगळ्यांचं मूळ इथल्या दोन पडक्या घुमटांशी. पलीकडे सलमा धरण, भारताने बांधून दिलेलं, 42 मेगावॅटचं, 2016 मध्ये सुरू झालं. पहारेकऱ्याला मी हिंदची म्हटल्यावर त्याने धरणाकडे बोट दाखवून अंगठा उंचावला. चहा मात्र विकतच घ्यावा लागला.

हेरातच्या मुसल्ला संकुलाचे पाच मनोरे उरलेत. 1885 मध्ये रशिया येणार म्हणून तोफांना मोकळं मैदान हवं, या सबबीखाली इंग्रजांनी बाकीचं सुरुंगाने उडवायला लावलं. रशिया आलाच नाही. पुढे भूकंपांनी हात फिरवला, अगदी गेल्या ऑक्टोबरपर्यंत. जामा मशिदीच्या आवारातल्या कारखान्यात फरशांचे निळे तुकडे छिन्नीने तासून अजून बसवतात. एक कारागीर एकाच पाकळीवर तासभर होता.

बाजारात हिंग घेतला. कच्चा, ओलसर, पिशवीतल्या पिशवीत बांधूनसुद्धा खोलीभर दरवळ. जर्मनाने खोली बदलून मागितली.

25 सप्टेंबर, हेरात

उद्या आम्ही विमानाने काबूल. तासाभराचा प्रवास. काकांच्या बक्षिसाचं पाकीट किती जाड असावं यावर नाश्त्याला वाद झाला. जर्मन म्हणाला, ठरलेल्या भाड्याच्या दहा टक्के हीच पद्धत. ब्राझीलच्या डॉक्टरबाई उठून गेल्या आणि आपलं वेगळं पाकीट घेऊन आल्या. मग सगळ्यांनाच ते करावं लागलं.

दुपारी काका गाडी धूत होते. मी विचारलं, परत जाताना लालला त्याच घरी मुक्काम का, तर त्या मुलीसाठी बाजारातून एक इंग्रजी शब्दकोश घेऊन देते. गाइडने त्यांचं बोलणं सांगितलं. काका त्या रस्त्याने जाणारच नाहीत. कंदाहारवरून डांबरी रस्त्याने काबूल, तिथून बामियान. लांब पडतो, डिझेल जास्त, पण हेरातला यायचं झालं की ते नेहमी तसेच येतात-जातात. "मधल्या रस्त्याने कोण येतं, मावशी? जाम बघायला तुम्ही आलात म्हणून आलो."

शब्दकोश शेवटी गाइडकडे दिला. लालकडे जाणारा कोणी भेटला तर पाठवतो म्हणाला.