दादाच्या डबीतला जेट

आमच्या दादानं येझदी घेतली १९८३ साली, उसाच्या बिलावर. म्हैसूरच्या कारखान्यातली गाडी. किक आणि गिअरची दांडी एकच, त्यामुळं नवख्या माणसाला ती सापडायची नाही. आईला दवाखान्यात नेलं तिच्यावरून, बियाणं आणलं तिच्यावरून, माझी बायको माहेराहून पहिल्यांदा आली तीही तिच्यावरूनच. दादा जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून गाडी गोठ्याशेजारच्या खोलीत पोत्याखाली उभी होती.

यंदा पुतण्या म्हणाला, "तात्या, पुण्याचा एक माणूस जुन्या गाड्या घेतोय. चालू असली तर दुप्पट पैसं देतो म्हणतोय."

म्हटलं, "आधी चालू तर करूया. इकायचं मग बघू."

कार्बोरेटर खोलला. वाटीत पेट्रोल वाळून काकवीगत चिकट झालेलं. पुतण्यानं मोबाईलवरून रिपेअर किट मागवलं. जेट, सुई, पॅकिंग, वायसर, सगळं एका पिशवीत, पिवळंधमक. आम्ही जुनं काढून सगळंच्या सगळं नवं बसवलं. चौथ्या-पाचव्या किकला गाडी चालू झाली खरी, पण धूर असा की गोठ्यातल्या म्हशी ठसकायला लागल्या. प्लग काढला तर काळा, ओला. स्लोमध्ये तर गाडी थांबायलाच तयार नाही, बंद पडायची.

मग कार्बोरेटर पिशवीत घालून कोल्हापूर गाठलं. तिथं सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री आहेत. त्यांनी किटमधला जेट काढून उजेडाकडं धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "जुनं कुठं हाय? टाकलं न्हाई न्हवं?"

"घरी डबीत हाय."

"मग वाचलासा."

त्यांनी जे समजावलं ते मी दहावीपर्यंतच्या शाळेतही इतकं नीट ऐकलं नव्हतं. म्हणाले, कार्बोरेटरात दोन जातीचं सामान असतंय. एक मऊ, एक कठीण. पॅकिंग, वायसर, रबर हे मऊ. ते डोळं झाकून बदलायचं. त्यात हल्ली पेट्रोलात इथेनॉल. "तुमच्याच उसाची दारू टाकीत येतीया, जुन्या रबराला ती सोसत न्हाई," असं म्हणून हसले. म्हणून रबर घेताना इथेनॉलला टिकणारंच मागायचं. गाडी उभी राहणार असली तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवायचं, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी तळाशी बसतं.

कठीण सामान मात्र तपासल्याशिवाय बदलायचं नाही. पितळी फ्लोट कानाशी हलवायचा. आत पेट्रोल डुचमळलं तर तो फुटका. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडा येतो तिथं भोक. डाग देताना शिसं जास्त लागलं तर फ्लोट जड होतो आणि वाटीतल्या पेट्रोलची पातळी वाढते. स्लाइड खडखडत असली तर नुसती नवी स्लाइड घालून भागत नाही, कारण बॉडीही तेवढीच झिजलेली असते. आणि जेट? त्याच्यावर आकडा असतो. आकडा मोठा तर भोक मोठं, पेट्रोल जास्त. पण आकडा तोच असला तरी दोन कंपन्यांचं भोक सारखं असेलच असं नाही. म्हणून जुना चांगला असेल तर जुनाच धुऊन घालायचा.

"आणि धुताना हवा मारायची," मिस्त्री म्हणाले. "तार कधी घालायची न्हाई. पितळ मऊ असतंय. एकदा तार फिरली की जेट बाद."

मी मान खाली घातली.

१९८६ साली जोतिबाला जाताना घाटात गाडी बंद पडली होती. मी एकटाच होतो. जेटमध्ये कचरा अडकलेला. क्लचच्या जुन्या केबलची एक तार काढून मी भोकातून चांगली चार-पाच वेळा फिरवली. गाडी चालू झाली. मला वाटलं, मीही मिस्त्री झालो. त्यानंतर गाडी पेट्रोल प्यायला लागली. दादा दोन महिने दोष शोधत होता. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, वर सोसायटीचा हप्ता थकला. मी तोंड उघडलं नाही. पुढं कधीतरी गाडी नीट झाली. कशानं, ते मीही विचारलं नाही आणि दादाही बोलला नाही.

घरी येऊन दादाची तंबाखूची डबी उघडली. पुतण्यानं काढलेले सुटे भाग वरच होते. त्यांच्याखाली साखर कारखान्याच्या वजनपावतीच्या कागदात एक पुडी होती. पुडीत एक जेट. कागदावर दादाचं अक्षर: "बाद. तार घातलेला. लावू नये."

ती गाडी आम्ही दोघंच चालवायचो. तार दादानं घातली नव्हती.

बराच वेळ मी उंबऱ्यावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी वरचा जुना जेट मिस्त्रींना नेऊन दिला. त्यांनी तो धुऊन बसवला. सुई जुनीच ठेवली, पॅकिंग-वायसर नवे घातले. दहा किलोमीटर फिरवून प्लग काढला तर कोरडा, तपकिरी. मिस्त्री म्हणाले, "हाच रंग पायजे. पांढरा झाला तर जास्त भ्या. ह्या गाडीत पेट्रोलाबरोबरच आईल जातंय. पेट्रोल कमी पडलं की आईलही कमी, मग पिस्टन धरतोय."

येताना पुतण्याला मागं बसवून सगळं सांगितलं. घाटातली तार, रिंगा, थकलेला हप्ता. पोरगं गाव येईपर्यंत गप्प होतं. उतरल्यावर म्हणालं, "पुण्याच्या माणसाला काय सांगू?"

म्हटलं, "गाडी तुझ्या बाची. तू ठरीव."

अजून त्यानं फोन केलेला नाही. बाद जेटची पुडी मी परत डबीत ठेवली आहे, दादानं ठेवली होती तशीच, सगळ्यात खाली.