दरवाज्यापेक्षा मोठा मावळा

स्टेशनरीच्या दुकानात माझ्यापुढे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी उभी होती. तिला भारताचा साचा हवा होता. हिरवट, पारदर्शक प्लास्टिकचा. त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली की कागदावर देश उमटतो. दुकानदाराने दिलेला साचा तिने उजेडात धरला आणि म्हणाली, "काका, हा मोडलाय. दुसरा द्या." दुसराही तिथेच मोडलेला. सिलिगुडीपाशी.

मोडणारच. उत्तर बंगालमधली ती पट्टी एका जागी जेमतेम वीस-बावीस किलोमीटर रुंद आहे. एका अंगाला नेपाळ, दुसऱ्या अंगाला बांगलादेश. १९४७ पूर्वी ही चिंचोळी मान नव्हतीच, फाळणीने ती तयार केली. प्लास्टिकला इतिहास ठाऊक नसतो, कमजोर जागा मात्र बरोबर ठाऊक असते. तिसरा साचा अखंड निघाला, पण त्याला अंदमान नव्हते. मुलीने क्षणभर विचार केला. "चालेल. अंदमान मी हाताने काढीन."

आमच्या वेळी बाईंकडे रबरी शिक्का असायचा. जांभळी शाई, वहीच्या पानावर दाबून धरलेला तळवा, आणि काश्मीर हमखास अंधूक. मग निळ्या पेन्सिलीचं टोक ब्लेडने खरवडून ती भुकटी कापसाने काठाकाठाने पसरायची, समुद्र तयार. आत नद्या, डोंगर, राज्यं भरायची वेळ येईतो तास संपलेला असे. आमच्या वर्गात समुद्र सगळ्यांना सुरेख जमायचा, देश थोड्यांनाच.

कडेकडून शिकवलेला देश मला तेव्हापासून जरा परका वाटतो. मुलं देशात शिरतात ती आपल्या अंगणातून. म्हणून तिसरीला जिल्ह्याचं पुस्तक लावायची आपल्याकडची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. जळगावच्या मुलाच्या हातात जळगाव, रत्नागिरीच्या मुलीच्या हातात रत्नागिरी. राज्य, देश, जग यांनी आपापली पाळी येईपर्यंत थांबावं.

पण खरा भूगोल शिकवते ती दिवाळीची सुट्टी. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीमागे दरवर्षी किल्ला होतो. वॉचमनकडून मागून आणलेल्या विटा, कुठल्याशा बांधकामावरची माती, दुकानातून मिळवलेली गोणपाटं. गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर टाकलं की सह्याद्रीचा उतार आपोआप पडतो, त्याला कुणा शिल्पकाराची गरज लागत नाही. त्यावर अळीव आणि मोहरी पेरायची. वसुबारसेला कोंब, लक्ष्मीपूजनाला रान.

मागे एकदा सोसायटीतल्या मुलांच्या टोळीने ठरवलं की या वेळी नुसता किल्ला करायचा नाही, राजगड करायचा. हे 'नुसता' प्रकरण गंभीर असतं. नुसत्या किल्ल्याला चार बुरूज पुरतात. राजगडाला मधोमध बालेकिल्ला आणि तीन बाजूंना तीन माच्या लागतात. पद्मावती उत्तरेला, सुवेळा पूर्वेला, संजीवनी पश्चिमेकडे झुकलेली. म्हणजे आधी उत्तर शोधणं आलं. चौथीतल्या एकाने ठामपणे सांगितलं, "उत्तर वर असते," आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे बोट दाखवलं. भिंतीवरच्या नकाशात ती वरच असते, त्याचं काही चुकलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा खाली आले. त्यांनी फोनमधलं होकायंत्र काढू दिलं नाही. "सकाळी ऊन कुठून येतं रे?" "पार्किंगमधून." झालं. सुवेळा माची पार्किंगच्या दिशेने निघाली आणि बाकीच्या दोघी आपापल्या जागी जाऊन बसल्या. सुवेळेला नेढं हवं, म्हणजे कड्यातलं आरपार भोक, म्हणून एकाने तिच्यात करवंटीचा तुकडा तिरका खोचला. त्याच्या भोकातून पलीकडची स्कूटर दिसत होती.

मग पाणी. गडावर तळं हवं, त्यात पाणी हवं. आणि ओतलेलं पाणी दर वेळी खाली जिरून जात होतं. सलाइनच्या नळीचं कारंजं करणारा इंजिनिअर हताश झाला. मग एवढ्या उंचावर, पाऊस संपल्यावर, हजारो माणसांना पाणी कसं पुरायचं? हा प्रश्न पुस्तकात छापलेला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. इथे हात चिखलात होते. आजोबांनी सांगितलं, की गडावरची टाकी मातीत खणलेली नसतात, कातळात कोरलेली असतात. आणि तो काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेल्या लाव्ह्याचे एकावर एक थिजलेले थर. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते त्यामुळे. टोळीला थरांचं कौतुक वाटलं नाही. एकाने घरून स्टीलची डबी आणून मातीत बसवली आणि ती कातळात कोरलेली आहे असं जाहीर केलं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. त्या वर्षीच्या दिवाळीत 'जिंजी आपला कसा?' यावर टाकीमागे मोठा वाद झाला. राजाराम महाराज १६८९ मध्ये वेष पालटून तिथवर गेले, मोगलांनी वेढा घातला, तो १६९८ पर्यंत चालला, हे कळल्यावर जिंजी बांधायचाच असं ठरलं. तीन टेकड्यांसाठी विटांचे तीन ढीग, पण राजगडाला लागून ठेवायचे नाहीत, लांब ठेवायचे. महाराज किती दूर गेले ते दिसलं पाहिजे. मधे ड्रेनेजचं चेंबर होतं. ते कर्नाटक झालं. दिवाळी संपेपर्यंत एकाही मुलाने कर्नाटकावर पाय दिला नाही.

या सगळ्यावर मावळे उभे राहिले. कुंभाराकडून आणलेले, ताज्या रंगाचे. प्रत्येक मावळा महादरवाज्यापेक्षा मोठा. गुहेतला वाघ बुरुजापेक्षा मोठा, आणि सिंहासनावरचे महाराज सगळ्यांहून मोठे. एक दादा, इंजिनिअरिंगला असलेला, म्हणाला, "अरे, स्केल बघा. हे आत शिरणार कसे?" सगळ्यात धाकटीने त्याच्याकडे करुणेने पाहिलं. "ते आत नाही जात. ते राखतात."

हे उत्तर मला बनारसपर्यंत घेऊन जातं. तिथे भारतमाता मंदिरात मूर्ती नाही. जमिनीवर संगमरवरात कोरलेला अखंड हिंदुस्थानचा उठावाचा नकाशा आहे, तीस फुटांच्या आसपास लांब-रुंद. १९३६ साली गांधीजींच्या हस्ते ते खुलं झालं. ते बांधणाऱ्या बाबू शिवप्रसाद गुप्तांना ही कल्पना सुचली ती पुण्यात. १९१३ मध्ये महर्षी कर्व्यांच्या आश्रमात त्यांनी जमिनीवर केलेला मातीचा नकाशा पाहिला होता. विधवा मुलींना देश शिकवायला कुणीतरी माती थापली, आणि त्या मातीचं बनारसला मंदिर झालं. मला ताजमहालापेक्षा ही गोष्ट अधिक आवडते. त्या नकाशात सिलिगुडीची मान नाही. आणि त्यातला हिमालय प्रमाणाबाहेर उंच आहे. व्हायलाच हवा. तीस फुटांच्या नकाशात एव्हरेस्ट इमानदारीने कोरायचं तर जेमतेम इंचभर होईल, नजरेत भरणारही नाही. उठावाचा जवळजवळ प्रत्येक नकाशा उंचीबाबत थापा मारतो, आणि त्या थापेमुळेच हाताला डोंगर लागतो. टाकीमागच्या धाकटीला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

राष्ट्रीय चिन्हांबाबत मात्र आपण फार कोरडे आहोत. पक्षी कोणता, मोर. प्राणी कोणता, वाघ. फूल कोणतं, कमळ. सामान्यज्ञानाच्या पुस्तकातला हा पाढा मला सोसत नाही. त्यापेक्षा मुलाच्या हातात एक रुपयाचं नाणं द्यावं आणि हत्ती शोधायला सांगावं. सारनाथच्या अशोकस्तंभावर सिंह चार, दिसतात तीन, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यांच्या पायाखालच्या पट्टीवर चार प्राणी आहेत: हत्ती, घोडा, बैल, सिंह. समोरून दिसतात ते फक्त बैल आणि घोडा, मधे चक्र. हत्ती मागच्या बाजूला. तो बघायचा तर सारनाथच्या संग्रहालयात जाऊन मूळ शीर्षाला प्रदक्षिणा घालावी लागते. २६ जानेवारी १९५० पासून प्रत्येक सरकारी कागदावर हा हत्ती हजर आहे आणि कुणाला दिसलेला नाही, हे ऐकून मुलं जे हसतात ते ऐकण्यासारखं असतं.

मोराचंही तसंच. १९६३ साली तो निवडला गेला, त्याआधी पक्षितज्ज्ञ सालिम अलींची पसंती माळढोकाला होती. मोर सुंदर, देवादिकांच्या ओळखीचा, गावोगावचा. माळढोक गवताळ माळाचा, अबोल, दुर्मीळ. पदवी मिळाली असती तर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आज चार पक्षी अधिक दिसले असते का, याची मला अधूनमधून रुखरुख लागते. निवडणुकीत दिसण्याला मतं पडतात, हे मुलांनी लवकर शिकलेलं बरं.

आमच्या टोळीने ते शिकून घेतलं आहे. देशाला मोर, राज्याला हरियाल, राज्याचा प्राणी म्हणून शेकरू. मग सोसायटीलाही हवा, असं ठरलं आणि जिन्याखाली मतपेटी आली. वटवाघूळ छाननीतच बाद झालं. पारव्यांकडे बहुमत होतं, पण वरच्या मजल्यावरच्या आजींनी आपल्या गॅलरीची अवस्था दाखवून त्यांची उमेदवारी हाणून पाडली. आता कोतवाल आणि भारद्वाज यांच्यात सरळ लढत आहे. कोतवाल कावळ्याला पिटाळतो, हा त्याचा जाहीरनामा. मी भारद्वाजाच्या बाजूने प्रचार करतो आहे. सकाळी तो दिसला की दिवस चांगला जातो, असं आपल्याकडे मानतात. सहामाही परीक्षा जवळ आली आहे, त्यामुळे हा मुद्दा मतदारांना पटतो आहे.