वाऱ्याला वाट

मिरगाच्या आत लाकडं पडवीत आली पाहिजेत, हा आजीचा मे महिन्यातला घोष. राजापूरकडचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर; तो सुरू झाला की काही वाळायचं नाव नको. दिवाळीनंतर तोडलेले ऐनाचे, काजूचे ओंडके शिमग्यापर्यंत फोडून खळ्यात उन्हाला पडलेले असत. नुकत्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं. साल ते पाणी सहजी सोडत नाही. ते निघतं टोकांतून आणि फोडलेल्या अंगांतून. आजी दोन ढलप्या एकमेकींवर आपटून ऐकायची. खणखणीत वाजल्या तर पडवी, थप्प वाजल्या तर परत खळं.

एका वर्षी वळीव लवकर आला. काकाने आणि मी रास घाईने मातीवरच रचली आणि चारही बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये आवळली. आषाढात ते उघडलं तर ढलप्यांवर कापसासारखी पांढरी लव, मध्येच हिरवट भुकटी, आंबूस वास. पावसाचा थेंबही आत गेला नव्हता. ओल लाकडाची स्वतःची होती, खालच्या मातीची होती. आम्ही तिला कोंडलं होतं. वीस टक्क्यांच्या वर ओल आणि कोंदट हवा, बुरशीला एवढं पुरतं.

  

त्या महिन्यात चूल नुसती धुमसली. लाकडाच्या टोकाला फेस यायचा, जाळ आधी आतलं पाणी उकळत बसायचा आणि त्याचा सगळा धूर आजीच्या डोळ्यांत. पदराने डोळे पुसत ती फुंकत राहायची. मला तो धूर अजून सलतो.

ती मात्र रागावली नाही. तिने ढलपीत नख रुतवून पाहिलं. रुतलं नाही. ‘वरवरची आहे, लाकूड शाबूत आहे,’ म्हणाली. जांभ्याचे चिरे मांडून त्यांवर पोफळीचे दांडे टाकले, रास भिंतीपासून वीतभर लांब रचली, वर फक्त झापांचं छप्पर, बाजू मोकळ्या. रोजच्यापुरती लाकडं चुलीवर टांगलेल्या बांबूच्या मांडवावर चढली.

गणपतीच्या सुमाराला एका सकाळी चूल फुंकणीशिवाय पेटली. आजीने सवयीने पदर डोळ्यांपाशी नेला आणि तसाच खाली सोडला.