वळणापूर्वींचा धडा

साठी उलटल्यावर मनुष्यानें तीर्थयात्रेस निघावें, मोटारींच्या शर्यतीच्या वाटेवर जाऊं नये, असें आमच्या घरांतील सर्वांचें मत पडलें. आणि तें चुकीचें होतें असें मलाहि म्हणवत नाहीं. परंतु चेन्नईस नोकरीला असलेल्या पुतण्याचा हट्ट मोडवेना. महाशिवरात्र आटोपली होती, आंब्यांना मोहोर आला होता, आणि शिमग्याच्या पालखीस पंधरा दिवस अवकाश होता. तेवढ्यांत जाऊन येतों असें सांगून मी संगमेश्वराहून निघालों.

या हट्टाचें कारण तो बोलून दाखवीत नव्हता, तरी मला ठाऊक होतें. तीन वर्षांपूर्वीं आषाढांत कोल्हापुराहून परततांना आंबा घाटांतील एका वळणावर माझ्या हातून गाडी घसरली व कडेच्या दगडी कठड्यावर आदळली. मला खरचटलेंदेखील नाहीं. परंतु शेजारीं बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींचा डावा हात मोडला. तो अद्यापि खांद्याच्या वर जात नाहीं. ‘पावसानें रस्ता निसरडा झाला होता,’ असें मीं सर्वांना सांगितलें, आणि त्या दिवसापासून गाडी चालविणें सोडलें.

श्रीपेरुंबुदूर हें नांव रामानुजाचार्यांचें जन्मस्थान म्हणून मला परिचित होतें. त्याच्याजवळच इरुंगाट्टुकोट्टै येथें मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनें बांधलेली शर्यतीची वाट १९९० पासून आहे. त्यापूर्वीं या शर्यती शोळावरम् येथील महायुद्धकालीन धावपट्टीवर होत असत. फॉर्म्युला वनच्या शर्यतींत २००५ सालीं उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन, तोहि आरंभीं याच वाटेवर धांवला होता. वाटेची लांबी सुमारें ३.७ किलोमीटर. जेथून निघावें तेथेंच परत यावें. समोरून वाहन यावयाचें नाहीं, गुरें आडवीं यावयाचीं नाहींत. पिवळें निशाण दिसलें कीं सावध व्हावें, तांबडें दिसलें कीं थांबावें. शर्यती नसतील अशा कांहीं दिवशीं हौशी लोकांना पैसे भरून आपली गाडी तेथें फिरवितां येते. पुतण्यानें माझेंहि नांव नोंदविलें होतें.

सकाळचें ऊन कोंवळें होतें. डोकीवर शिरस्त्राण चढवून मी पुतण्याच्या गाडींत बसलों, तेव्हां हात थरथरत होते. शेजारीं बसलेला शिक्षक माझ्या अखेरच्या वर्गांतील मुलांच्या वयाचा. पहिल्याच मोठ्या वळणावर मीं जन्मभर जें केलें तेंच केलें : वळणांत शिरलों, भ्यालों, आणि जोरानें ब्रेक दाबला. गाडीचा मागचा भाग थरारला. तो पोरगा शांतपणें म्हणाला, ‘‘सर, ब्रेक वळणाच्या आधीं. वळणांत नाहीं.’’

मग गाडी कडेस उभी करवून त्यानें कारण सांगितलें. टायरची रस्त्यावरील पकड मोजकी असते. ती वेग कमी करण्यांत खर्चिली, तर वळण्यासाठीं उरत नाहीं. आणि ओल्या रस्त्यावर ती मुळांतच थोडी असते. म्हणून सरळ वाटेवरच वेग आंवरावा, मग वळावें, दृष्टि वळणाच्या पलीकडील टोंकावर ठेवावी, आणि गाडी सरळ होऊं लागल्यावरच वेग वाढवावा.

विद्यार्थी म्हणून मला एवढा सोपा धडा क्वचितच मिळाला असेल, आणि एवढा जड तर कधींच नाहीं. तो बोलत असतां माझ्या डोळ्यांपुढें आंबा घाटांतील वळण उभें होतें. तेथेंहि मीं हेंच केलें होतें. पाऊस सर्वांनाच होता. त्या दिवशीं त्या वळणावरून इतर गाड्या सुखरूप उतरल्या होत्या.

पुढें मीं सहा फेऱ्या केल्या. शेवटच्या फेरींत कांटा शंभराच्या पुढें गेला, पण भीति वाटली नाहीं. महाभारतांतील नलाची कथा मीं मुलांना तीस वर्षें सांगितली. ऋतुपर्णाचें उत्तरीय गळून पडलें, आणि तो ‘थांब’ म्हणेपर्यंत रथ योजनभर पुढें निघून गेला होता, याचें कौतुक करतांना मी थकत नसें. त्याच नलानें पुढें, राजाला विदर्भास पोंचण्याची घाई असतांहि, रथ थांबविला आणि उतरून झाडाचीं फळें मोजलीं. तिकडे मात्र माझें लक्ष कधीं गेलें नव्हतें. ज्याला अश्वहृदय अवगत होतें, त्याला थांबणेंहि अवगत होतें.

शिमग्यापूर्वीं घरीं पोंचलों. रात्रीं जेवणें आटोपल्यावर सौभाग्यवतींना म्हटलें, ‘‘घाटांतला दोष पावसाचा नव्हता, माझा होता.’’

त्या सुपारी कातरीत होत्या. मान वर न करतां म्हणाल्या, ‘‘मला तेव्हांच समजलें होतें. पाऊस काय, सकाळपासून पडतच होता. तुम्हीं ब्रेक दाबलात नि गाडी आडवी झाली.’’

‘‘मग बोलली कां नाहींस?’’

‘‘तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहिली.’’

तीस वर्षें मुलांच्या वह्यांतील चुका मीं तांबड्या शाईनें दाखविल्या; स्वतःची एक चूक कबूल करण्यास मात्र तीन वर्षें लागलीं, आणि तीहि एका पोरानें दाखवून दिल्यावर! पालखी आमच्या दारावरून गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशीं सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘मला देवरुखास माहेरीं नेऊन सोडा.’’ बसनें जाऊं म्हणून मी उठलों, तों त्यांनीं गाडीची किल्ली माझ्यापुढें ठेवली. वाटेंत वळणें पुष्कळ आहेत. प्रत्येक वळणापूर्वीं मीं वेग आंवरला, आणि देवरुख येईपर्यंत त्यांनीं एकदांहि दाराची मूठ धरली नाहीं.