यंत्रांची खंडेनवमी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे अवजारांची पूजा होते. बीड जिल्ह्यात तर या पूजेला पोटापाण्याचा अर्थ आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाचा कोयता हाच आधार. म्हणून त्याला आधी धार लागते, मग हळदकुंकू.

आज सदनिकांमधून धुलाई यंत्राला आणि फ्रिजलाही झेंडूचे फूल वाहिले जाते. पूजा टिकली, धार मात्र राहून गेली. याचे कारण केवळ आळस नव्हे. जुन्या घरात वस्तूंची झीज डोळ्यांना दिसे. पीठ जाडसर पडू लागले की जात्याला टाकी लावून घेत. पितळ उघडे पडले की कल्हईवाल्याची वाट पाहत. आजच्या यंत्राची झीज गुळगुळीत आवरणाआड चालते. ती दिसत नाही; ओळखावी लागते.

मी राहतो त्या अंबाजोगाईच्या इमारतीत उन्हाळाभर बोअरचे पाणी येते. काळ्या पाषाणातून वर येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापले की त्यांचा पांढरा थर गिझरच्या तापकावर बसतो. पाणी तापायला वेळ लागतो, विजेचे देयक वाढते आणि एके दिवशी तापक तडकतो. धुलाई यंत्राच्या नळीतील जाळीही अशीच बुजते. वीज बंद करून, नळ मिटून ती जाळी काढावी आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवावी, थर सुटतो. पाणी आणि यंत्र यांचे हे नाते मोठ्या प्रमाणावरही आपण पाहिले आहे. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्रच बंद ठेवावे लागले होते.

तथापि सर्वांत महत्त्वाची देखभाल आपल्या दाराच्या आत नसतेच. गिझरमध्ये बिघाड होऊन त्याच्या धातूच्या भागात वीज उतरली, तर ती जमिनीत वाहून नेणारी तार इमारतीच्या तळाशी एका खड्ड्यात गाडलेली असते. मीठ-कोळसा भरलेला हा अर्थिंगचा खड्डा ओला असेल तरच वीज सहज जमिनीत जाते. माती सुकली की त्याची ताकद घटते. चैत्र-वैशाखात बीडची जमीन भेगाळते, तेव्हा वरच्या मजल्यावर ओल्या हाताने नळ सोडणाऱ्या मुलाचा जीव त्या ओलाव्यावर विसंबून असतो. पण तो खड्डा कोणाच्याच सदनिकेत नसल्यामुळे त्यात पाणी घालणे हे कोणाचेच काम ठरत नाही.

टंचाईत त्यासाठी पिण्याचे पाणी खर्चावे, असे मी म्हणणार नाही. आपल्या जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी त्या कामी येते. प्रत्येक घराने पाळीपाळीने एक बादली घातली तरी पुरे. शिवाय वर्षातून एकदा जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

वाचकहो, यंदाच्या खंडेनवमीला फूल वाहण्यापूर्वी यंत्राची जाळी धुवा. मग खाली उतरून तो खड्डा कोठे आहे, हे शेजाऱ्यांना विचारा. पुष्कळांना ठाऊक नसेल. तो सर्वांनी मिळून शोधणे, हीच त्या दिवसाची पहिली पूजा ठरावी.