उडता आलं नसतं तर?

कार्टून म्हणजे पोराटोरांचा खेळ, असं समजून आपण कार्यकर्ते तिकडं ढुंकूनही बघत नाही. कथा-कवितांची चिरफाड करतो, पाठ्यपुस्तकातला ब्राह्मणी कावा उघडा पाडतो. पण आपल्या वस्तीतलं पोर पुस्तकाआधी पडदा बघतं. आता तर हातातल्या मोबाईलवर बघतं. जगात टाकलेल्याचं काय होतं, हे त्याला तिथं पहिल्यांदा दिसतं. म्हणून मित्रांनो, एकदा नीट बघा.

डिस्नेचा ‘डंबो’ घ्या. साल १९४१. सर्कशीतल्या हत्तिणीला पिल्लू होतं, कान अवाढव्य. बाकीच्या हत्तिणी नाकं मुरडतात. त्याचं नाव जंबो ज्युनियर. त्या त्याला डंबो करतात. इंग्रजीत डंब म्हणजे मठ्ठ. नाव बिघडवणं ही छळाची पहिली पायरी, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बघायला आलेली टारगट पोरं त्याचे कान ओढतात. आई खवळते. मग साखळदंड कुणाला? आईला! तिच्या गाडीवर पाटी लागते, वेडी हत्तीण. छळणारे शहाणे आणि आडवी येणारी वेडी. पुढं पिल्लाला विदूषक करतात, तेव्हा हत्तिणी शपथ घेतात की आजपासून हा हत्ती नाही. आपल्याकडं याला वाळीत टाकणं म्हणतात.

इथवर सिनेमा खरं बोलतो. पुढं पिल्लाला उडवतात ते कावळे. त्यांची बोली काळ्या अमेरिकनांची. म्होरक्याचं नाव सिनेमावाल्यांनी ठेवलं जिम क्रो. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांना वेगळी शाळा, वेगळा डबा, वेगळा नळ ठरवणारे कायदे याच नावानं ओळखले जात. आवाज मात्र गोऱ्या नटाचा, क्लिफ एडवर्ड्सचा. आणि रात्री पावसात सर्कशीचा तंबू ठोकणारे काळे मजूर? त्यांना नाकडोळेच काढलेले नाहीत. टाकलेल्या पिल्लासाठी रडवणाऱ्या सिनेमानं आपल्या देशातली टाकलेली माणसं अशी रंगवली.

शेवटी डंबो उडतो. नाव होतं, करार होतो, स्वतंत्र डबा मिळतो, आई सुटते. ज्यांनी वाळीत टाकलं त्याच हत्तिणी त्याच गाडीतून गाणी म्हणत निघतात. माफी कुणी मागत नाही.

आमच्या विहारात रविवारी पोरांना हा सिनेमा दाखवला. संपल्यावर सातवीतली एक पोरगी म्हणाली, “दादा, त्याला उडताच आलं नसतं तर?”

सगळा सवाल हाच आहे. १९६४ साली अमेरिकेच्या टीव्हीवर आलेला बाहुल्यांचा ‘रुडॉल्फ’ बघा. लाल नाकाच्या रेनडिअरला कळपात खेळू देत नाहीत. वादळात सांताक्लॉजच्या गाडीला उजेड लागतो, तेव्हा तेच नाक कामाला येतं आणि तो सगळ्यांचा लाडका होतो. डिस्नेनं ‘कुरूप बदकपिल्लू’ दोनदा काढलं. १९३१ साली पिल्लू कोंबडीची पोरं धबधब्यातून वाचवतं, तेव्हा कोंबडी त्याला जवळ घेते. १९३९ साली ते मुळात राजहंसाचं निघतं. या दुसऱ्याला ऑस्कर मिळालं.

म्हणजे टाकलेल्याला दोनच वाटा. एक तर उपयोगी पड, नाहीतर उच्च कुळीचा निघ. या दोन्ही वाटा आपल्या लोकांनी तुडवल्यात. आम्ही मूळचे क्षत्रिय, असे अर्ज करून झाले. पलटणीत रक्त सांडून झालं. १९१७ साली युद्धाला माणसं हवी होती, तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली. गरज सरली, १९२१ ला मोडली. आणि उडूनच दाखवायचं म्हणाल, तर बाबासाहेबांएवढं कोण उडालं? कोलंबिया आणि लंडनला शिकून १९१७ साली बडोद्यात आले. पारशाच्या धर्मशाळेतून बाहेर काढलं. आख्ख्या शहरात डोकं टेकायला जागा मिळाली नाही. कार्टूनमध्ये उडणाऱ्याला टाळ्या मिळतात. आपल्याकडं उडणारा खाली उतरला की जात विचारतात.

पोरांनी शिकू नये, उंच जाऊ नये, असं मी म्हणत नाही. जरूर जावं, भरारी मारावी. पण वर्गात कुणी जातीवरून चिडवलं तर “तू पहिला नंबर काढून दाखव, मग गप बसतील” असं जे सांगतात, ते त्या पोरावर दुहेरी ओझं टाकतात. छळही त्यानंच सोसायचा आणि तो थांबवायची लायकीही त्यानंच सिद्ध करायची. ज्याचा नंबर कधीच येणार नाही, त्या पोराचं काय? त्याला शिव्या खायच्या का?

म्हणून सिनेमे बंद करू नका. पोरांबरोबर बसून बघा. संपल्यावर तीन गोष्टी विचारा. छळलं कुणी? गप उभं कोण राहिलं? शेवटी बदललं कोण, टाकलेला की टाकणारे? पोरं बरोब्बर उत्तर देतात.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर आपली माणसं गेली. तिथं कुणी हुशारी दाखवली नाही, कुळी सांगितली नाही, करामत केली नाही. माणसं होती. ओंजळीनं पाणी प्याली. त्या पोरीला मी हेच सांगितलं, की उडता आलं नसतं तरी ते पिल्लू हत्तीच होतं.